चावी ज्याच्या खिशात

रविवार, १२ फेब्रुवारी
संध्याकाळ

प्रिय ठकू,

आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तुम्हीही असाल असं धरून चालते, कारण तुझा मागचा फोन सुरू झाला आणि संपला, आणि त्यातला निम्मा वेळ तू जावयांना किल्ल्या कुठे ठेवल्या ते विचारत होतीस. म्हणून पत्र लिहायला बसले आहे. पत्रात मध्येच कोणी ‘आई, एक मिनिट हं’ म्हणत नाही.

आधी घरचं. गच्चीवरची टाकी गळत होती, ती बदलली. प्लंबर येतो येतो म्हणून आला नाही, शेवटी मीच त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. मग आला. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका निवृत्त झाल्या आणि गाणं शिकायला लागल्या. सुधारणा आहे, असं त्यांचं म्हणणं. बाबांनी परवा बल्ब आणले. मागच्या आठवड्यातही आणले होते, त्याच्या आधीही. आता आपल्याकडे दुकान काढता येईल इतके झालेत. महाग होणार आहेत म्हणे. पुरुषांना बाजारात एकटं सोडू नये, हे मी तुला लग्नाआधीच सांगितलं होतं.

आणि तू विचारलंस, बाबांनी फोनवर एकच गोष्ट दोनदा का विचारली. अगं, तू पहिल्यांदा धड उत्तर दिलं नाहीस म्हणून.

आज आमच्या रॉकेट मंडळाचा उड्डाणाचा दिवस होता. तू आठ वर्षांत मैदानावर पाऊल ठेवलेलं नाहीस, तेव्हा नव्याने सांगते. जागा तीच, गावाबाहेरचं सुकलेलं तळं. जमीन तव्यासारखी सपाट, झाड म्हणून नाही, त्यामुळे रॉकेट कुठेही पडलं तरी दिसतं. मंडळी थोडीफार तीच. आपले दंतवैद्य आहेतच. केस गेले, उत्साह गेला नाही. नवीन म्हणजे एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्यात. सगळे त्यांना शिलाईताई म्हणतात. पॅराशूट त्या शिवतात, आणि तेव्हापासून आमची निम्मी रॉकेटं शाबूत परत यायला लागली. मी अजूनही शिट्टी. एक लांब शिट्टी वाजली की सगळ्यांनी दोरीच्या मागे, दोन आखूड वाजल्या की हालचाल करायला मोकळे. माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. शिट्टी मात्र ऐकतात.

दंतवैद्यांनी या वेळी माणसाच्या उंचीचं रॉकेट केलं होतं. पांढरंशुभ्र, अगदी दातासारखं घासूनपुसून. मी म्हटलं, शेपटाचे पंख लहान वाटतात. ते म्हणाले, “बाई, गणित केलंय.” गणित बरोबर असेल. वाऱ्याने ते पाहिलेलं नव्हतं. रॉकेट थोडं वर गेलं, वाऱ्याकडे तोंड फिरवलं आणि आडवं निघालं ते थेट एका म्हशीच्या दिशेने. म्हैस जागची हलली नाही. रॉकेट तिच्या बरंच अलीकडे, तळ्यात उरलेल्या तेवढ्याच चिखलात घुसलं. दंतवैद्य ते उपटायला गेले, तेव्हा शिलाईताई म्हणाल्या, “डॉक्टर, दाढ आहे, जपून काढा.” सगळे इतके हसले की मला शिट्टी वाजवावी लागली.

शिलाईताईंचं स्वतःचं रॉकेट मात्र सरळ गेलं, वर थोडं थबकलं आणि पॅराशूट अलगद उघडलं. पिवळं कापड. त्या मान वर करून पाहत होत्या आणि आपोआप चालत होत्या, जशी पतंगामागे पोरं चालतात. त्यांना पाहून बरं वाटलं.

मग मोटरची, म्हणजे रॉकेटला ढकलणाऱ्या नळीची चाचणी. बाबांनी या खेपेला नवी मोटर केली आहे. नळी त्यांनीच कातून घेतली. साखरेचं आणि सोरा या क्षाराचं मिश्रण मागच्या खोलीत मंद शेगडीवर ढवळून भरलं. मी दाराबाहेर पाण्याची बादली घेऊन उभी होते, नेहमीसारखी. मोटर लोखंडी चौकटीत तोंड वर करून आवळायची, खाली वजनकाटा, म्हणजे किती जोर लावते ते कळतं. छान जळली. पांढऱ्या धुराचा सरळ खांब उभा राहिला आणि सगळ्या तळ्यावर जळलेल्या साखरेचा वास. काट्याचा आकडा बाबांच्या अंदाजाच्या जवळ आला.

बाकी विशेष काही नाही. पत्र उद्या टाकते.


बुधवार

पत्र टाकलं नाही. पत्ता लिहिला, तिकीट लावलं, आणि पाकीट दाराजवळच्या फळीवर ठेवलं ते तिथेच आहे. आज उघडून पुन्हा वाचलं. एकही ओळ खोटी नाही. पण प्रयोगशाळेत मी मुलींच्या वह्या तपासत असे, तेव्हा असं लिहिणारीला अर्धे गुण देत असे. निरीक्षण बरोबर, महत्त्वाचं गाळलं.

तेव्हा महत्त्वाचं.

उडवण्याच्या पेटीला चावी असते, ती तुला माहीत आहे, कदाचित आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त. चावी फिरवल्याशिवाय बटणात जीव येत नाही. आणि जो मोटरजवळ जाईल, त्याने चावी काढून आपल्या खिशात घालायची. म्हणजे तो परत येईपर्यंत कोणीही, चुकूनसुद्धा, बटण दाबलं तरी काही होत नाही. हा नियम बाबांनी आणला. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, खड्ड्यात उतरताना मेन स्विचची चावी खिशात घालून उतरले, म्हणून आज दोन्ही पायांवर उभे आहेत. चावीला अडकवलेला पितळी बिल्लासुद्धा एका मोडीत काढलेल्या लिफ्टचा आहे. ‘तळमजला’. तू लहानपणी तो चोखायचीस.

रविवारी बाबा चौकटीपाशी गुडघ्यांवर बसले होते. मोटरच्या तोंडात पेटवायची तार सरकवत होते. चेहरा थेट तिच्यावर. मी दोरीपाशी होते. सहज मागे टेबलाकडे पाहिलं, तर पेटीवरचा लाल दिवा चालू. चावी पेटीत. फिरवलेली. दंतवैद्य पेटीला टेकून थर्मासचं झाकण उघडत होते, ते घट्ट बसलं होतं, आणि त्यांचं कोपर बटणाच्या इतकं जवळ होतं की मला अजून डोळे मिटले की कोपरच दिसतं.

मी शिट्टी वाजवली नाही. वाजवली असती तर दंतवैद्य दचकले असते. ओरडलेही नाही. चालत गेले. धावत नाही, चालत. चावी काढली आणि मुठीत धरली. दिवा विझला. दंतवैद्यांनी माझ्याकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, आणि थर्मास खाली ठेवला. 

बाबा काम संपवून आले. सवयीने खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग शर्टाच्या. मग वळून आलेल्या वाटेकडे पाहिलं, जमिनीवर. मी मूठ उघडली. बिल्ला माझ्या तळहातावर उमटला होता.

आता ऐक, मी काय केलं. मी चावी पेटीत घातली, लांब शिट्टी वाजवली आणि आकडे मोजायला सुरुवात केली. जसं काही त्यांनीच ती माझ्या हातात दिली. दंतवैद्यांनी बटण दाबलं. मोटर छान जळली, ते वर लिहिलंच आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मनाशी म्हणत होते, कोणाला दिसलं नाही, दंतवैद्य बोलणार नाहीत, झालं.

पण बाबा टाळ्या संपेपर्यंत थांबले. मग टेबलापाशी आले आणि खड्ड्यातून वर हाक मारायचा त्यांचा जो आवाज आहे ना, त्या आवाजात म्हणाले, “चावी पेटीत राहिली होती. मी ठेवली होती.”

शिलाईताईंनी हातातलं कापड खाली ठेवलं.

दंतवैद्य म्हणाले, “अहो जाऊ द्या, काही झालं नाही ना.”

बाबा त्यांच्याकडे वळलेच नाहीत. माझ्याकडे पाहत राहिले. “नियम काय आहे ते हिला विचारा.”

ठकू, त्या जागी, त्याच टेबलापाशी, आठ वर्षांपूर्वी तूही चावी पेटीत विसरलीस तेव्हा मी तुला जे म्हटलं होतं तेच म्हटलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. “घरी जा. एक वर्ष येऊ नकोस” असं तुला म्हटलं होतं. त्यांना “घरी जा. एक वर्ष येऊ नका” म्हटलं. फरक तेवढाच.

शिलाईताईंना वाटलं मी थट्टा करते आहे. माझा चेहरा पाहिला आणि त्यांना कळलं.

बाबा गाडीत जाऊन बसले. मी उरलेली उड्डाणं घेतली. शिट्टी दातांत धरून ठेवली. सामान आवरलं. मग गाडीपाशी गेले तर ते चालकाच्या जागेवर नव्हते, शेजारी बसले होते. गाडी मी चालवली.

 फाट्यापाशी बाबा म्हणाले, “ठकू तेव्हा इथपर्यंत चालत आली असेल. बस इथूनच मिळते.”

मी म्हटलं, हो.

“मी मैदानावरच राहिलो. मोटर आवळायची होती.”

 तुला पाठवलं ते बरोबरच होतं, आणि उद्या पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा पाठवेन. हे तुला माहीत असावं. पण त्यांनी फाट्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तेही तुला माहीत असावं.

घर जवळ आल्यावर म्हणाले, “गाडी बाजूला घे.” घेतली. मग सगळं सांगितलं. न्हाव्याच्या दुकानाची गल्ली महिन्यापूर्वी सापडली नाही, म्हणून केस न कापता परत आले आणि मला म्हणाले दुकान बंद होतं. बल्ब घरात आहेत की नाहीत हे आठवत नाही, म्हणून दर वेळी घेऊन येतात. तुझ्याशी फोनवर बोलून झालं की काय बोललो ते लगेच कागदावर टिपतात, तरी पुढच्या वेळी कागद कुठे ठेवला ते आठवत नाही. शेवटी म्हणाले, “तुला हे माहीत होतं.”

होतं. थोडं थोडं. त्यांच्या मोठ्या भावाचं काय झालं ते आपण तिघांनी पाहिलं आहे. शेवटी शेवटी काका तुला तुझी आत्या समजायचे. मी बल्ब मोजत होते आणि मोजल्याचं कोणाला सांगत नव्हते.

मंगळवारी त्यांना डॉक्टरकडे नेलं. तरुण मुलगी आहे, तुझ्यापेक्षा लहान असेल, पण घाई करत नाही. आजची तारीख विचारली, कागदावर घड्याळाचं चित्र काढून दाखवा म्हणाली. मग तीन शब्द सांगितले आणि म्हणाली, हे लक्षात ठेवा, थोड्या वेळाने विचारीन. थोड्या वेळाने विचारलं. बाबांनी पहिला सांगितला. दुसराही सांगितला, जरा चाचपडत. तिसरा नाही.

बाहेर आल्यावर रिक्षात ते मला विचारतात, “तिसरा कोणता गं?” घोडा आणि खिडकी इथपर्यंत मी ठाम होते. पुढे माझंही डोकं कोरं. कबूल कशी करणार? म्हटलं, कांदा. ते म्हणाले, “कांदा नव्हता.” मी म्हटलं, कांदाच होता. रिक्षावाला आरशातून आमच्याकडे पाहत होता.

रक्त दिलं आहे. डोक्याची तपासणी पुढच्या आठवड्यात. तोवर काही कळणार नाही. तुला फोन करायला तीनदा हात गेला. फोनवर तू विचारलं असतंस आणि मी पुन्हा ‘काही नाही गं’ म्हटलं असतं. ते तोंडात बसलं आहे.

हेही पत्र आज टाकत नाही. अर्धवट निकाल मी कधी कोणाला दाखवला नाही. दोन्ही कागद आले की टाकेन.


शुक्रवार, २४ फेब्रुवारी

ठकू, आधी निकाल, मग बाकीचं.

काकांचा आजार नाही.

डोक्याची तपासणी स्वच्छ आहे. रक्तात बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नाहीच, आणि थायरॉइड पार सुस्तावलेला. सोमवारी डॉक्टरबाईंनी कागद आमच्याकडे फिरवून दोन्ही आकड्यांखाली रेघ मारली. या दोन्हींमुळे माणूस असा विसराळू होतो, आणि या दोन्हींवर औषध आहे. इंजेक्शनं चालू केली. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. काही महिन्यांत चांगला फरक पडावा, म्हणाल्या. मी विचारलं, पूर्ण? त्या म्हणाल्या, “वचन देणार नाही, पण मला काळजी वाटत नाहीये.” असं बोलणारा माणूस मला आवडतो.

बाबांनी विचारलं, आणि गाडी? त्या म्हणाल्या, अजून थोडे दिवस नको. बाबा म्हणाले, “ही चालवते. वेगमर्यादेची पाटी दिसली की आणखी हळू करते.” डॉक्टरबाई हसल्या. माझ्याकडे पाहून थांबल्या.

बाहेर मी बाकावर बसले. उठता येईना. काही दुखत नव्हतं, नुसतं उठता येईना. बाबांनी पाणी आणून दिलं आणि शेजारी बसून राहिले. पलीकडच्या बाकावरच्या एका आजोबांनी बाबांना विचारलं, “बाईंना काय झालंय?” बाबा म्हणाले, “काही नाही. मला काही झालेलं नाही, त्याचा हिला त्रास होतोय.” घरी आले आणि भर दुपारी झोपले. आयुष्यात दुपारी झोपलेली तू मला कधी पाहिली नाहीस. उठले तेव्हा बाबांनी आमटी केली होती. मीठ दोनदा पडलं होतं. मी वाढून घेतली आणि दुसऱ्यांदाही घेतली.

मागच्या तीन इंजेक्शनांचा परिणाम म्हणावा इतका अजून नाही, हे मलाही कळतं. तरी काल एकटे जाऊन केस कापून आले. फार आखूड कापलेत. मी छान दिसतात म्हटलं.

दंतवैद्य काल घरी आले होते. खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, माझंच कोपर होतं, मलाही घरी पाठवा. मी म्हटलं, कोपराला नियम नाही. तेव्हा म्हणाले, पेटीजवळ थर्मास न्यायचा नाही, एवढा एक नियम करा. केला. मग त्यांनी विचारलं की आता मोटरचं कोण पाहणार. बाबांना तर वर्षभर यायचं नाही. त्यातून कोणी त्यांना सूट द्यावी म्हणायला लागलं तर तेच आधी भांडतील. शिलाईताई शिवायला तयार आहेत, पेटवायला नाहीत. दंतवैद्यांना मी मोटरच्या जवळ उभं करणार नाही, ते स्वतःही उभे राहणार नाहीत. बाबांची एक मोटर भरून तयार आहे, मागच्या खोलीत, कुलुपात. बाबा ऐकत होते. एकदम म्हणाले, “मोटर आवळायला एक जण आहे आपल्याकडे. तिचं बोट माझ्यापेक्षा हलकं.”

दंतवैद्य माझ्याकडे पाहायला लागले. बाबा छताकडे.

तेव्हा एक गोष्ट कळवायची राहून गेली आहे, ती कळवते. मंडळाच्या सुरक्षेचं काम माझ्याकडे असल्यामुळे ती कळवणं माझं काम होतं. तुझं एक वर्ष संपलं. कधीच संपलं. संपल्यावर नियमाप्रमाणे माणूस पुन्हा मैदानावर येऊ शकतो. त्याला कोणाची परवानगी लागत नाही, आणि कोणी काही विचारतही नाही.

पाकीट जड लागलं असेल, म्हणून पोस्टाने तुझ्याकडून जास्तीचे पैसे मागितले असतील तर मला सांग. आत चावी आहे, बिल्ल्यासकट. दुसरी चावी नाही. त्यामुळे ती येईपर्यंत तळ्यावर काहीही उडणार नाही, आणि हे मी मंडळाला सांगितलं आहे. यायचं नसेल तर परत पाठव, मी रागावणार नाही. निदान पत्रात रागावणार नाही. यायचं असेल तर चोखू नकोस, खिशात घालून ये.

जावयांना आशीर्वाद. त्यांच्या किल्ल्या सापडल्या असतील.

खाली बाबांसाठी एक ओळ जागा सोडते आहे. काय लिहितात ते मी वाचणार नाही. पाकीटही त्यांनाच चिकटवायला देते.

दोरीच्या अलीकडे, तुझी वाट पाहणारी,
आई


ठकू,
घोडा, खिडकी, संत्रं. आज सकाळी दाढी करताना आपोआप आठवलं. आईला कळवू नकोस. ती अजून कांद्यावरच आहे.
बाबा